एडका, घोडी आणि फ्रीजची बॅटरी

दिवाळी झाली. फराळाचे डबे तळाला गेले, दारातल्या पणत्या कोंबड्यांनी उलथ्या केल्या आणि मेंढरं रस्त्याकडं तोंड करून उभी राहायला लागली. त्यांना कुणी सांगत नाही. पावसाळाभर चरून माळ खरवडला गेला की त्यांना आपोआप कळतं. आमची निरवांगीतली बिऱ्हाडं याच दिवसांत हलतात. बारामतीवरून पुढं, घाट उतरून खाली, आणि पाऊस तोंडावर आला की परत. तिकडं भिगवणच्या पाण्यावर लांब पायांची पाखरं उतरतात, त्याच सुमाराला आम्ही निघतो. पाखरं बघायला लोक पुण्याहून गाड्या करून येतात. आम्हाला बघायला कुणी येत नाही. उलट हॉर्न वाजवतात.

या दिवसांत पूर्वी मला बरंच काही आठवायचं. ओल्या घोंगड्याचा वास, घोडीच्या पाठीवर बांधलेल्या डालग्यातल्या कोंबड्यांची कुरकुर, पहाटे वाघर गुंडाळताना तळहाताला काचणारी दोरी. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. ते सगळं अजून आठवतं, पण सगळ्यात आधी आठवते ती बॅटरी. गेल्या सालचा सगळा हंगाम त्या बॅटरीभोवती फिरला, आणि मी बिऱ्हाडासोबत जायचं की घरात बसायचं हे तिच्यावर ठरलं.

मला साखर आहे. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी सुई घ्यावी लागते. इन्सुलिनची उघडलेली बाटली महिनाभर बाहेर टिकते असं डॉक्टर म्हणतात, पण ते त्यांच्या पंख्याखालचं बाहेर. आमचं बाहेर वेगळं. त्या हंगामाच्या आदल्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर औषधाची पिशवी टेम्पोत पत्र्याला टेकून लटकत राहिली. औषध दिसायला होतं तसंच होतं. सुई रोज घेत होते आणि साखर रोज चढत होती. शेवटी एका शेतात बसले ती उठलेच नाही. आठ दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर माझ्या लेकाला, धुळाला म्हणाले, "आजींना एक तर घरी ठेवा, नाहीतर फ्रीज सोबत न्या."

ते टिंगल करत होते. धुळानं ती टिंगल गंभीरपणे घेतली. तो बापावर गेला आहे, त्याला टिंगल कळत नाही.

घरी राहणं म्हणजे काय ते सांगते. निरवांगीत आमच्या दोन सिमेंटच्या खोल्या आहेत, फ्रीज आहे, टीव्ही आहे. दिवाळी झाल्यावर आमच्या आळीत चारसहा म्हातारी माणसं उरतात. सकाळी उन्हाला बसतात, दुपारी सावलीला बसतात. कुणी आलं की विचारतात, आमची बिऱ्हाडं कुठवर गेली? मी त्यांना दर साली बघत आले आहे, निघताना. मला त्यांच्यात बसायचं नव्हतं. त्यात भावना वगैरे काही नाही. मला बसून राहता येत नाही, एवढंच.

फ्रीज मिळाला. घरातल्यासारखा उभा नव्हे. वरून झाकण उघडायची पेटी, साधारण मधल्या ट्रंकेएवढी, बॅटरीवर चालणारी. जे लोक गाडीतच राहून फिरतात, ते असले फ्रीज नेतात म्हणे. आम्हीही तेच करतो, फक्त आमच्यामागं दोनशे मेंढरं असतात. पेटी आली, आता तिला बॅटरी कुठली घ्यायची? धुळा म्हणाला, "ट्रॅक्टरची पडून हाय की घरी." ती घेऊन आम्ही दोघं बारामतीच्या बॅटरीच्या दुकानात गेलो. सून हिरा बिऱ्हाड बांधण्यात गुंतली होती, तिला नेलं नाही. चूक तिथंच झाली, पण ती मागाहून कळली.

दुकानदार चष्मा लावलेला, शांत बोलणारा माणूस. त्यानं ट्रॅक्टरची बॅटरी बघितली आणि बाजूला सारली. म्हणाला, "ही इंजिनाला एक झटका द्यायला असते. फ्रीजला झटका नको, थोडी थोडी वीज दिवसभर लागते. ही त्याच्यावर लावली तर महिन्या-दोन महिन्यांत खराब होईल."

मी म्हटलं, "म्हंजी ही एडका हाय. एक धडक दिऊन बाजूला हुनार. आमाला घोडी पायजे."

"बरोब्बर, आजी. दिवसभर ओझं वाहणारी."

घोडीचं मला कळतं. आमच्या मालकांनी शेवटची घोडी घेतली तेव्हा ते साठीच्या पुढचे होते. बाजारात दात बघितले, पाठीवर दोन्ही हातांनी दाबून बघितलं, आणि सोबतच्यांनी दाखवलेली शांत, वयानं मोठी घोडी सोडून तीन वर्षांची तांबडी घेतली. लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्या, ही तुझ्यामागं राहील की रं. ती राहिली. ते गेल्यावर सहा हंगाम तिनं माझी चूल, माझी पिठाची पोती आणि धुळाची लहान पोरं वाहिली. कुणी हसल्याचं मग ऐकलं नाही.

दुकानदारानं विचारलं, "रोजचा प्रवास किती वेळ असतो?"

"दिस उगवायला निघतो, दिस मावळायला मुक्काम," धुळा म्हणाला.

"रोज?"

"रोज. सा म्हैनं."

"मग काळजीच नाही. प्रवासात इंजिनावर बॅटरी भरत राहील. सोलर वगैरे तुम्हाला लागत नाही." त्यानं इन्व्हर्टरला लावतात तसली मोठी, उभी, पाणी घालायची बॅटरी दिली. इंजिनापासून तिच्यापर्यंत जाड वायर टाकून दिली. त्या बॅटरीतली निम्मी वीजच वापरायची, पार तळ गाठायचा नाही, नाहीतर तिचं आयुष्य घटतं, हेही त्यानं सांगितलं. बियाण्याची कणगी असते तसं. खालचं खायचं नसतं.

धुळा खोटं बोलला नव्हता. मी शेजारी बसले होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जन्मभर आम्ही प्रवासाचा हिशेब असाच सांगत आलो.

आम्ही निघालो. कारखाने सुरू झाले होते, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. ट्रॉली आली की मेंढरं रस्त्याच्या कडेला दाटायची, ट्रॉलीतनं गळालेलं उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं तोंडात धरून पुन्हा रस्त्यावर यायची. थंडी नुकती पडायला लागली होती. पहाटे मेंढरांच्या पाठीवर दव असायचं आणि ऊन वर आलं की सगळ्या कळपातून वाफ निघायची. मी टेम्पोत पुढं हिराशेजारी. टेम्पो तीच चालवते. पेटी मागं घुमत होती, हलकासा आवाज, मधमाशी डब्यात अडकल्यासारखा. झाकण उघडलं की बाटलीला घाम फुटलेला दिसायचा. बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी बारामतीच्या अलीकडं एका तोडलेल्या उसाच्या रानात वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसवला होता. लेंडीखतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, ती आमची जुनी रीत. सकाळी सुई घ्यायला झाकण उघडलं. बाटलीला घाम नव्हता. पेटीवरचा दिवा विझलेला.

हिरानं इंजिन चालू केलं. पेटी घुमायला लागली. इंजिन बंद केलं, पेटी बंद.

धुळा मेंढरांतून आला, बघितलं. मग म्हणाला, "आये, तुला यष्टीत बसवून देतो. बारामतीत इंदापूरची गाडी मिळंल."

"बॅटरी मरायची आन यष्टीत मी बसायचं व्हय?"

"मागच्या टायमाला काय झालं ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. म्हणून भांडले नाही. माझं गाठोडं बांधायला घेतलं. त्यात फार काही नसतं. लुगडी दोन, घोंगडं, सुयांचा डबा, पानाची चंची. हिरानं तेवढ्यात इन्सुलिनच्या बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवल्या आणि म्हणाली, "आधी दुकानात जाऊ. मग यष्टी." मेंढरं गड्याच्या ताब्यात देऊन आम्ही तिघं टेम्पो घेऊन गेलो. दुकानाचं शटर वर जात होतं.

"शेठ, घोडी मेली तुमची!" धुळानं रस्त्यावरनंच सुरुवात केली. "चार दिसात!"

दुकानदारानं घाई केली नाही. मीटर आणून लावलं. "बॅटरी मेली नाही. उपाशी आहे. भरलीच नाही ती. गाडी रोज किती चालते म्हणालात?"

धुळा उत्तर देणार तोच हिरा म्हणाली, "ईस मिंटं."

"वीस मिनिटं?"

"फुडचा मुक्काम धा-बारा किलोमीटरवर असतोय. मी सकाळी गाडी घिऊन फुडं जाते, चूल मांडते. मेंढरं दिसभर मागनं चालत येत्यात."

दुकानदार चष्म्यावरून धुळाकडं बघायला लागला. "तुम्ही तर म्हणालात दिवसभर प्रवास."

"मग न्हाय का दिसभर?" धुळानं चप्पल काढून पाय पुढं केला. "ह्यो बघा पाय!"

दुकानात काम करणारी बाई तोंडावर पदर धरून हसली. मलाही हसू आलं, पण आत कुठंतरी चपराकही बसली. गाडी चालवणारीला घरी ठेवून गाडीचं बोलायला आम्ही दोघं आलो होतो. एक पायानं चालणारा आणि एक बसून राहणारी. फाट्याला पाणी वीस मिनिटं आणि पिणारं पीक दिवसभर, मग तळं केवढंही खणा, कोरडंच पडायचं. हे गणित मला चौथीच्या शाळेतही आलं असतं. पण पाणी किती वेळ येतं हे विचारलं तर पाहिजे, आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाच विचारलं पाहिजे.

आता दुकानदारानं पहिल्यापासून मांडलं. पेटीला दिवसाला किती लागतं ते कागदावर लिहिलं. इंजिनातून किती येतं ते लिहिलं, ते फारच थोडं निघालं. उरलेलं उन्हातून आणायचं, म्हणजे सोलरचं पॅनेल घ्यायचं. ऊन आम्हाला कमी नाही. दोन दिवस ढगाळ गेले तरी पेटी चालली पाहिजे एवढी शिल्लक बॅटरीत हवी. इंजिनाची वायर काढायची नाही, अडीअडचणीला राहू द्यायची.

इथवर कुणाचं दुमत नव्हतं. मग त्यानं दोन बॅटऱ्या दाखवल्या. एक आमचीच, पाण्याची. दुसरी लिथियमची, आकारानं निम्मी, किमतीनं दुप्पट. "पाण्याची तीन-चार वर्षं जाईल," तो म्हणाला, "नीट सांभाळली तर. ही दहा वर्षं बघायला नको."

मी म्हटलं, "मला तिनाची बास हाय."

दुकानदार पेनाचं टोपण काढायला आणि लावायला लागला.

"आये, गप बस," धुळा म्हणाला.

"गप कशाला? धा वर्सांची घिऊन मी काय करू? माझी साखर, माझं गुडघं, माझं वय, समदं तूच सांगतुस की डॉक्टरला."

धुळानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं. मला ठाऊक होतं, तो आता महागडी घेणार आणि जन्मभर मला ऐकवणार नाही. तेच मला नको होतं. ऐकवलेलं चालतं. न ऐकवलेलं माझ्याच्यानं सोसत नाही.

हिरानं पदर पुढं ओढला. मला वाटलं डोळे पुसते. ती पदर दाखवत होती. पदराला बारीक बारीक भोकं पडली होती, कडेनं पिवळी. "ह्ये चार दिसातलं हाय, शेठ. त्यातलं आसिडचं पानी हिंदकळतंय. वाढं आनायला नायतर लंगडं मेंढरू आनायला गाडी लागती, तवा समदं बिऱ्हाड खाली घ्यावं लागतंय. ह्ये पोत्यावानी धूड खाली कोन घेतं? मी. वर कोन चढवतं? मी." मग माझ्याकडं वळली. "आत्या, तुमी किती जगायचं त्ये तुमचं तुमी बघा. माझी कंबर मला धा वर्सं पायजे."

लिथियमची घेतली. एका हातानं उचलता येते. पाण्याची दुकानदारानं थोडी किंमत कापून परत घेतली. माझं गाठोडं टेम्पोतच होतं. तिथं स्टँड जवळ होता, पण यष्टीचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. येताना हिरानं दुकानासमोरच्या गाड्यावर तिघांना चहा पाजला, माझा बिनसाखरेचा.

कारण खरं असलं की माझी तक्रार नसते. माझ्यासाठी दहा वर्षांची घेतली असती तर मी रोज ती मोजत बसले असते. हिराच्या कंबरेसाठी घेतली, मग मला काय.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. बाई मुक्कामाला पोचली की पहिल्यांदा काय बघते? झाड. बाभूळ, लिंब, काही नसलं तर बांधावरची बोर. गाडी सावलीला, चूल आडोशाला. साठ वर्षं मी हेच केलं आणि हिराही हेच शिकली. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं टेम्पो लिंबाखाली लावला, पॅनेल वर टपावर. संध्याकाळी बघितलं तर बॅटरीवरचा आकडा सकाळपेक्षा खाली. दुकानदार म्हणाला होता, एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी वीज फार घटते. कान त्याच्याकडं होते, पाय मात्र जुनेच.

मग पॅनेल टपावरून खाली काढलं, लांब वायर लावली. गाडी सावलीत, फ्रीज सावलीत, पॅनेल उन्हात, दगडाला टेकवून. आता ऊन एका जागी थांबत नाही. सकाळी पूर्वेकडं तोंड, दुपारी आभाळाकडं, कलतं झालं की पश्चिमेकडं. हे कोण करणार? धुळा मेंढरांमागं. हिराला पाणी, सरपण, भाकरी, कोकरं.

मी उठले.

दवाखान्यातून आल्यापासून वाड्यावर मला काम नव्हतं. कुणी तसं म्हणायचं नाही, पण हातातलं काढून घ्यायचे. राहू द्या आत्या. बसा आत्या. वाड्यावर लंगड्या कुत्र्यालाही काम असतं, राखण करतं. आता मला घटकाघटकानं उठून पॅनेल फिरवायचं काम लागलं. त्यावर धूळ बसते, ती फडक्यानं पुसायची. कोकरांना ती गुळगुळीत काच फार आवडते, त्यांना हुसकायचं. एकदा एक कोंबडी तासभर त्यावर ऐटीत बसून राहिली. तिच्या पोटापुरती सावली पडली आणि तेवढ्यात आकडा थांबला. तिला शिव्या घातल्या त्या घाटाखालच्या शेतकऱ्यानं ऐकल्या आणि विचारलं, "आजी, कुणावर एवढ्या रागावलात?" म्हटलं, "लाईट चोरणाऱ्यावर."

घाटाखाली कुणी कुणी म्हणायचे, आमच्या घरातून वायर घ्या की. चांगले लोक. कधी घेतलीही, सलग ढग आले तेव्हा. पण रोज नव्या दारात जाऊन वीज मागायची, हे मला जमण्यातलं नाही.

सहा महिने बाटलीला घाम फुटत राहिला. साखर फार हलली नाही. पेटीत हळूहळू दुसऱ्या वस्तूही शिरल्या. मेंढरांची लस आली, धुळाची ताकाची बाटली आली, एकदा तर मला त्यात पावडरचा डबा सापडला, थंड पावडर चांगली लागते म्हणे. मी डबा होता तिथंच ठेवला. हिरा सहसा काही मागत नाही.

परत आलो तेव्हा डॉक्टरांनी कागद बघितला, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "फ्रीज खरंच नेलात?" म्हटलं, "तुमीच सांगितलं हुतं की."

आता पुन्हा हंगाम आला. टेम्पोच्या चाकांत हवा भरून झाली. वाघरीची जाळी फाटली होती ती शिवून झाली. दर साली या दिवसांत चुलीपुढं एकच बोलणं असायचं, म्हातारीला न्यायचं का. मी झोपले असं समजून बोलायचे. या साली ते बोलणं निघालंच नाही. मी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी मीच धुळाला म्हटलं, "माझं काय ठरलंय?"

तो दोरी वळत होता. "काय ठरायचंय?" म्हणाला, आणि हिराला हाक मारली, "अगं, आये काय म्हनती बघ!"

हिरा टेम्पोच्या टपावर चढली होती. वरनंच म्हणाली, "आत्या, पॅनेल कुटं ठिवलंय? तुमच्या बिगर कुनाला घावंना."

गोठ्यात ठेवलं होतं, घोंगड्यात गुंडाळून, कोंबड्यांची नजर पडू नये म्हणून. आणून दिलं. उद्या दिस उगवायला निघायचं आहे. वीस मिनिटांचा रस्ता.